फुकट गाणे आणि वेठीचे गाणे

२००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत संगीताच्या संदर्भात दोन गोष्टी घडल्या. ३ मे रोजी 'मेटालिका' या विख्यात रॉक बँडचा ड्रमवादक लार्स उलरिख कॅलिफोर्नियातील सॅन मॅटेओ या गावी 'नॅपस्टर' नावाच्या कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर कागदांची खोकी होती आणि त्या कागदांवर ३ लाख ३५ हजारांहून अधिक नावे होती. ही नावे मेटालिकाची गाणी ऐकणाऱ्यांचीच. त्यांनी ती गाणी इंटरनेटवरून एकमेकांना फुकट दिली आणि घेतली, तेव्हा त्यांना बाहेर काढा, अशी त्याची मागणी होती. त्याच महिन्यात 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने रायन मालन या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराचा एक दीर्घ लेख छापला. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि त्या गाण्याचे हक्क अवघ्या १० शिलिंगांना गेले. पुढे त्याच सुरावर अमेरिकेत 'द लायन स्लीप्स टुनाइट' उभे राहिले, जगभर खपले, १९९४ साली डिस्नेच्या 'द लायन किंग' या चित्रपटात गेले. लिंडा मात्र ज्या कंपनीसाठी गायला त्याच गॅलो कंपनीत तबकड्या बांधण्याचे काम करीत राहिला. १९६२ साली तो वारला तेव्हा त्याच्या खात्यावर २५ डॉलरही नव्हते. हे सारे त्या लेखात आहे.

पहिल्या घटनेवर जगभर चर्चा झाली. दूरचित्रवाणीवर वाद झडले, सेनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या, न्यायालयाचे हुकूम निघाले. दुसऱ्या घटनेत लिंडाच्या मुलींना न्याय मिळायला, आणि तोही तडजोडीने, २००६ साल उजाडले. 'चोर' हा शब्द मात्र पहिल्या घटनेतल्या पोरांना चिकटला. दुसऱ्या घटनेत जे घडले त्याला करार म्हणतात.

मला ही सारी चर्चा या एका शब्दाच्या अंगाने तपासायची आहे. चोर कोणाला म्हणायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या, त्यांची लेकरे आज ही पाने वाचतात. त्यामुळे कोणी कोणाला चोर म्हटले की आपले कान आपोआप टवकारतात, आणि टवकारलेच पाहिजेत.

नॅपस्टर ही शॉन फॅनिंग या कॉलेजच्या पोराने १९९९ साली काढलेली युक्ती. गाणी एमपीथ्री या आटोपशीर रूपात ज्याच्या त्याच्या संगणकावर असत. कोणाकडे काय आहे याची यादी तेवढी नॅपस्टर ठेवी. एकाने मागायचे, दुसऱ्याच्या संगणकावरून ते उतरायचे. भाकरी वाटली की अर्धी होते, गाणे वाटले की दुप्पट होते. सगळ्या वादाचे मूळ एवढ्यात आहे. डिसेंबर १९९९ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नॅपस्टरवर दावा लावला. एप्रिल २००० मध्ये मेटालिकाने लावला, आणि पाठोपाठ डॉ. ड्रे या काळ्या रॅप कलावंताने. म्हणजे हा सरळसोट काळ्या-गोऱ्यांचा वाद नव्हता, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे. (हेच डॉ. ड्रे पुढे २०१४ साली आपला भागीदारीतला धंदा ॲपलला ३ अब्ज डॉलरना विकून मोकळे झाले, आणि त्यातूनच ॲपलची गाणी ऐकवण्याची सेवा उभी राहिली. काळाचे विनोद असेही असतात.)

उलरिखची त्या वेळी पुष्कळ टिंगल झाली. कोट्यधीश माणूस आपल्याच चाहत्यांच्या याद्या घेऊन फिरतो, हे दृश्य टिंगलीला सोयीचे होते. पण ११ जुलै २००० रोजी सेनेटच्या समितीपुढे त्याने दिलेली साक्ष वाचली तर त्याचा मुद्दा इतका पोकळ वाटत नाही. आम्हाला कोणी विचारले नाही, ही त्याची मुख्य तक्रार. सुताराने टेबल केले तर ते ठेवायचे, विकायचे की देऊन टाकायचे हे सुतार ठरवतो, मग आमच्या कामाबाबत ते आम्ही का ठरवू नये, असे तो विचारतो. मेटालिकाचा आरंभच मुळी चाहत्यांनी एकमेकांना दिलेल्या टेपांवर झाला होता. त्यांची १९८२ सालची नमुन्याची टेप हातोहात नक्कल होत पसरली, आणि पुढेही आपल्या मैफली ध्वनिमुद्रित करायला हा बँड चाहत्यांना मोकळीक देत आला. म्हणजे त्यांचा विरोध फुकट देण्याला नव्हता, न विचारता घेण्याला होता.

सुताराचा हा दाखला वाचून मी थांबलो. आपल्या गावगाड्यात सुताराला तरी हा अधिकार कोठे होता? नांगर करून द्यायचा, मोडला तर दुरुस्त करायचा आणि खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे. ठेवायचे, विकायचे की द्यायचे हे ठरवणारा सुतार उलरिखच्या डोळ्यांपुढे आहे. तो आपल्या डोळ्यांपुढे नाही. आणि काळ्या अमेरिकेच्याही डोळ्यांपुढे नाही.

म्हणूनच दुसऱ्या बाजूने बोलणारा माणूस महत्त्वाचा ठरतो. 'पब्लिक एनिमी' या रॅप गटाचा चक डी. त्याने २९ एप्रिल २००० च्या 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला, मे महिन्यात दूरचित्रवाणीवर उलरिखसमोर बसून वाद घातला, आणि त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाच्या एका समितीपुढे साक्ष दिली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नॅपस्टर हा नवा रेडिओ आहे. रेडिओ, दुकान आणि कंपनी ही तीन दारे ज्यांच्या ताब्यात, तेच कोणाचे गाणे ऐकू जाईल हे आजवर ठरवत आले. ती दारे पोरे मोडत असतील तर मोडू द्या. कलावंत आणि ऐकणारा यांच्यामध्ये उभा असलेला दलाल घाबरला आहे, आणि तो कलावंताच्या नावाने गळा काढतो आहे. चक डी नुसता बोलत नव्हता. आपल्या कंपनीशी फाटल्यावर त्याच्या गटाने १९९९ सालचा संग्रह आधी इंटरनेटवरूनच लोकांपुढे आणला होता.

या बोलण्यामागे काळ्या संगीताचा सगळा इतिहास उभा आहे, आणि तो आपण नीट ऐकलेला नाही. काळ्या अमेरिकेशी आपले नाते जुने. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. 'निग्रो साहित्य' (शब्द तेव्हा तोच होता) या विषयावर आपल्याकडे त्या काळात भरपूर लिहिले गेले. पण त्यात एक उणीव राहिली. आपण त्यांची कविता वाचली, आत्मकथने वाचली, गाणे मात्र ऐकले नाही. ऐकणार तरी कसे? परदेशी तबकडी आणायची कोणी, आणि वाजवायची कशावर? ब्लूज हा आपल्या समीक्षेत वाचलेला शब्द होता, कानावर पडलेला नव्हता. मी स्वतः बेसी स्मिथ पहिल्यांदा ऐकली ती विद्यापीठाच्या वसतिगृहात, खोलीतल्या मित्राने पेनड्राइव्हवर आणलेली. त्याने ती कोठून तरी उतरवून घेतली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शिष्यवृत्तीत खानावळीचे बिल भागत नव्हते, तेथे अमेरिकन ध्वनिमुद्रिका विकत घेण्याचा विचार कोण करणार? तेव्हा फुकट वाटपाला सरसकट नाक मुरडणारे पांढरपेशे पावित्र्य मला जमणारे नाही.

आणि त्या गाण्यांचे पैसे बेसी स्मिथला तरी कोठे मिळाले होते? १९२३ पासून ती कोलंबिया कंपनीसाठी गायली. दर गाण्यामागे ठरावीक रक्कम, पुढे कितीही खप झाला तरी त्यात वाटा नाही. दीडशेहून अधिक गाणी तिने दिली, तिच्या तबकड्या लाखांनी खपल्या. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली आणि १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर साधा नावाचा दगड नव्हता. तो बसवला जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेने आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिता ग्रीन या बाईने, दोघींनी मिळून. एक चाहती आणि एक मोलकरीण.

रूथ ब्राउनची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५० च्या दशकात अटलांटिक कंपनी तिच्या गाण्यांवर इतकी वाढली की लोक त्या कंपनीला रूथने बांधलेले घर म्हणत. पुढे हीच बाई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून आणि शाळेची बस चालवून पोरे वाढवीत होती. आणि कंपनीच्या वहीत तीच देणेकरी! स्टुडिओचा खर्च, वादकांची मजुरी, सगळे तिच्या नावे मांडलेले. सावकाराच्या चोपडीचा ज्यांच्या घराण्याला अनुभव आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. मुद्दल फिटत नाही, व्याज संपत नाही, आणि घेतले किती हे आपल्याला कधीच कळत नाही. वर्षानुवर्षे झगडल्यावर १९८८ साली अटलांटिकने तिची आणि तिच्याबरोबरच्या इतर जुन्या कलावंतांची ही कागदी कर्जे सोडून दिली आणि हिशेब नव्याने मांडले.

एक गोष्ट तर अशी आहे की ती नॅपस्टरच्या प्रत्येक चर्चेत पहिल्या पानावर यायला हवी होती. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने कलावंताला ३५ वर्षांनंतर आपले हक्क कंपनीकडून परत मागण्याची सोय ठेवली होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये उपग्रह दूरचित्रवाणीविषयीच्या एका भलत्याच कायद्यात शेवटच्या घटकेला एक बारीकशी दुरुस्ती घुसवण्यात आली. तिचा अर्थ असा, की ध्वनिमुद्रण हे कंपनीने मजुरी देऊन करवून घेतलेले काम आहे, म्हणजे ते कायम कंपनीचेच, परत मागण्याचा प्रश्नच नाही. ती दुरुस्ती घालणारा समितीचा कर्मचारी थोड्याच काळात ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेत नोकरीला लागला. आणि ती मंजूर झाल्यावर थोड्याच दिवसांत याच कंपन्या नॅपस्टरविरुद्ध चोरीची फिर्याद घेऊन न्यायालयात उभ्या होत्या. कलावंतांनी ओरड केली तेव्हा ऑक्टोबर २००० मध्ये दुरुस्ती रद्द झाली. गंमत पाहा: रात्री कलावंताच्या घराला भोक पाडणारे दिवसा त्याच्याच दारात पहारेकरी म्हणून उभे होते.

येथवर मी चक डीच्या बाजूने आहे. पण येथेच थांबून चालणार नाही, कारण 'फुकट' या शब्दाचा निकाल अजून लागलेला नाही.

माझे आजोबा हलगी वाजवीत. गावात लग्न असो, पालखी असो, पोळा असो, निरोप यायचा. जाळ करून हलगी शेकायची आणि जायचे. काय मिळणार हे ठरवायची रीत नव्हती. शिधा मिळे, उरलेसुरले अन्न फडक्यात मिळे, सुगीत पायलीभर जोंधळे. त्यांच्या हाताची गावभर वाखाणणी होती, आणि ती वाखाणणी करायला कोणाचे काही जात नव्हते. 'नाही' म्हणायची मात्र सोय नव्हती. हेच आजोबा १४ एप्रिलला पहाटेपर्यंत वाजवीत, बोटे सुजेपर्यंत वाजवीत, आणि तेव्हाही दमडी घेत नसत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही फुकटच दिसेल. पण एक वेठ होती आणि दुसरे देणे होते. फरक पैशात नव्हता. नाही म्हणता येते की नाही, एवढ्यात तो होता.

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द फुकट आणि मुक्त अशा दोन्ही अर्थांनी चालतो. चक डीच्या त्या लेखाचे शीर्षकच या श्लेषावर बेतलेले आहे. मराठीला हा श्लेष करता येत नाही, आणि ते बरेच आहे. आपल्या भाषेत फुकट वेगळे, मुक्त वेगळे, आणि दोहोंच्या मध्ये वेठ बसलेली आहे. नॅपस्टरच्या वादातली निम्मी गफलत या एका शब्दाची आहे, असे माझे मत झाले आहे. कंपन्यांनी फुकट म्हणजे चोरी असे मानले, पोरांनी फुकट म्हणजे मुक्ती असे मानले. गाणाऱ्याला नाही म्हणता येते काय, हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला. तो उलरिखने विचारला, पण विचारला तो ऐकणाऱ्यांना. कंपन्यांना त्या ठिकाणी विचारला नाही, जरी मेटालिकाने स्वतः १९९४ साली आपल्या कंपनीला न्यायालयात खेचून चांगला करार पदरात पाडून घेतला होता. ज्याची ताकद होती त्याने नाही म्हटले. रूथ ब्राउनची तेव्हा ताकद नव्हती.

प्रिन्स या काळ्या गायकाने १९९३ नंतर काही काळ वॉर्नर कंपनीशी भांडताना आपल्या गालावर 'गुलाम' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून घेतला होता. कोट्यवधी डॉलरचा करार केलेल्याने तो शब्द वापरावा का, असे पुष्कळांनी विचारले. मलाही तो शब्द त्याच्या गालावर जड वाटतो. पण आपल्या गाण्यावर आपले नाव असून ते आपले नाही, हे दुःख खोटे नव्हते.

आता चक डीला एक प्रश्न. त्याच्या गटाची १९८० च्या दशकातली गाणी जुन्या तबकड्यांतले तुकडे उचलून रचलेली आहेत, आणि ती रचना थोर आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या तुकड्यांत पुन्हा पुन्हा येतो तो जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० सालच्या तबकडीतला ताल. तो वाजवला क्लाइड स्टबलफील्डने. तो ताल शेकडो रॅप गाण्यांचा कणा झाला, आणि स्टबलफील्डला त्याचा वाटा मिळाला नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने गाण्याचा कर्ता जेम्स ब्राउन. सूर आणि शब्द म्हणजे रचना, ताल म्हणजे नुसते वाजवणे. ज्या समाजाच्या वाट्याला कातडे आणि ताल आला, त्याला ही वर्गवारी ओळखीची वाटेल. 'द विन्स्टन्स' या गटाच्या १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन याने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. ती सहा-सात सेकंदे हजारो गाण्यांत वापरली गेली, इंग्लंडमध्ये त्यावर नाचाच्या संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमन २००६ साली बेघर आणि कफल्लक अवस्थेत मेला. २०१५ साली चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढून त्या गटाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २४ हजार पौंड दिले, हे चाहत्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. कोलमनला तोवर जाऊन नऊ वर्षे झाली होती.

कायद्याने हे सुधारले काय? १९९१ साली न्यू यॉर्कच्या एका न्यायाधीशाने असे तुकडे विनापरवाना उचलण्याविरुद्ध निकाल दिला आणि निकालपत्राची सुरुवात बायबलमधल्या चोरीविषयीच्या आज्ञेने केली. धर्मग्रंथ उघडून न्याय सांगायला बसलेला माणूस पाहिला की आपल्याला धडकी भरते, ती उगाच नाही. त्या निकालानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे लागू लागले. पैसे गेले ते कागदावर ज्याचे नाव होते त्याच्याकडे. कोलमनचे नाव कागदावर नव्हतेच.

नॅपस्टरचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. दावा लावणाऱ्यांपैकी एका कंपनीचा मालक असलेल्या बर्टेल्समानने ऑक्टोबर २००० मध्ये त्याच नॅपस्टरशी हातमिळवणी करून पाहिली. तीही उपयोगी पडली नाही आणि जुलै २००१ मध्ये वाटप बंद झाले. मग कंपन्यांनी मोर्चा ऐकणाऱ्यांकडे वळवला. सप्टेंबर २००३ मध्ये पहिल्या फेरीत २६१ जणांवर दावे लागले. त्यात न्यू यॉर्कच्या सरकारी घरांच्या वस्तीत राहणारी १२ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने २ हजार डॉलर कबूल करून तडजोड केली. मिनेसोटा राज्यात एका बाईने २४ गाणी वाटली म्हणून २००९ साली ज्युरीने तिच्यावर १९ लाख २० हजार डॉलरची भरपाई बसवली. पुढे ती २ लाख २२ हजारांवर आली. एका गाण्याला ९ हजार डॉलरहून अधिक! सॉलोमन लिंडाच्या गाण्याची किंमत १० शिलिंग होती, हे येथे आठवावे. गाण्याची किंमत गाण्यात नसते. ते कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाते त्यावर ती ठरते.

आणि चक डीने वर्तवलेले भविष्य? मधली दारे मोडतील, लाखो कलावंत आपापले मालक होतील, असे तो सांगत होता. दारे मोडली, पण त्यांच्या जागी एकच मोठी वेस बांधली गेली. स्पॉटिफाय ही स्वीडनमधली सेवा २००८ साली सुरू झाली, आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आपली गाणी देताना तिच्यात भागही घेतले. गाणे एकदा ऐकले की हक्कदाराच्या पदरात पडतो तो डॉलरच्या शतांशाचाही अंश, आणि त्यातून कंपनीचा वाटा आधी निघतो. २०२४ पासून तर तेथे असा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे १ हजार वेळा ऐकले गेले नसेल तर त्या ध्वनिमुद्रणाचे काहीच द्यायचे नाही. ९९९ वेळा ऐकले, मोल शून्य! नॅपस्टरवरचा पोरगा फुकट ऐकत होता त्याला चोर म्हटले. येथे ऐकणारा पैसे भरतो, कंपनी पैसे घेते, आणि गाणारा फुकट गातो. याला कोणीही चोरी म्हणत नाही. माझ्या आजोबांच्या भाषेत याला शब्द आहे, तो मी वर सांगितला आहे.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्या वस्तीत या. वामनदादा कर्डक यांनी हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. जलशांनी जी चळवळ घराघरात नेली तिला तिकीट नव्हते. गाणे पसरले पाहिजे हीच त्यांची इच्छा होती, तेव्हा वामनदादांचे गाणे कोणी उतरवून घेतले, गायले, वाटले, त्यात चोरीचा संबंधच येत नाही. ते देणे होते. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर गाण्यांच्या पुस्तिका विकल्या गेल्या, पुढे कॅसेटी आल्या. माझ्या कॉलेजच्या दिवसांत मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. त्यात शंभर भीमगीते, पन्नास सिनेमाची आणि दुकानदाराच्या आवडीची काही. त्या कार्डांनी आंबेडकरी गाणे जेथवर नेले तेथवर ते एरवी गेले नसते. पण कॅसेटवर कंपनीचे नाव ठळक असे, गायकाचा फोटो असे, कवी आणि वादक बारीक अक्षरांत, किंवा नाहीतच. कार्डावर तर कोणाचेच नाव नव्हते. आज तेच गाणे यूट्यूबवर फुकट ऐकायला मिळते, मधे जाहिरात लागते, आणि जाहिरातीचे पैसे होतात. तेथली यंत्रणा ओळखते ती ज्याने ध्वनिमुद्रण आपले म्हणून आधी नोंदवले त्याला. ज्याने गाणे ढोलकी-तुणतुण्यावर गावच्या चावडीपुढे पहिल्यांदा उभे केले, त्याची नोंद करायला तेथे रकाना नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळाला आणि तो हक्क लिहून देता येणार नाही अशी तरतूद झाली. चांगले झाले. पण मध्यरात्रीपर्यंत गाऊन सकाळच्या एसटीने पुढच्या गावी गेलेल्या शाहिराने कधी कोणत्या कागदावर सही केली होती?

आपल्याकडे एक जुनी रीत आहे आणि मला ती कोणत्याही कायद्यापेक्षा पक्की वाटते. चोखोबांपासून शाहिरांपर्यंत कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. गाणे कितीही हातांतून गेले, कोणीही गायले, तरी कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर फुकट प्रवास करते. ते काढायचे तर गाणेच तोडावे लागते. स्टबलफील्ड म्हातारपणी सांगत असे की पैशापेक्षा तबकडीवर आपले नाव हवे होते. त्याच्या तालात नाव गुंफायची सोय नव्हती. वामनदादांनी ती करून ठेवली आहे.

यंदाच्या जयंतीला आमच्या तालुक्याच्या मिरवणुकीत मी मुद्दाम कान देऊन चाललो. बसस्थानकापासून पुतळ्यापर्यंत डीजेवर अकरा गाणी लागली. शेवटच्या कडव्यापर्यंत गेले ते एकच. डीजेवाला आमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. त्याला विचारले तर म्हणाला, "सर, शेवटच्या कडव्याला पोरं नाचायची थांबतात. तोवर पुढचं गाणं लावावंच लागतं."